दोर, चाक आणि जुनी मोटार

बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत खाली यायला एखादं मिनिट पुरतं. तोच उतार पायी चढायचा तर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. स्की हे हजारो वर्षांचं जुनं साधन, पण विसावं शतक उजाडेपर्यंत हा हिशेब बदलला नव्हता. चढणारा माणूस स्की उताराला आडव्या ठेवून, बर्फात एकेक पायरी कोरत बाजूबाजूने वर सरकायचा, नाहीतर स्कीची टोकं बाहेर फाकवून पावलं टाकायचा. लांबच्या चढणीसाठी स्कीच्या तळाला सील या प्राण्याच्या कातड्याच्या पट्ट्या बांधत. त्या कातड्यावरच्या केसांचा रोख मागे असतो. स्की पुढे सरकवली की केस चपटे बसतात, आणि ती मागे घसरू लागली की तेच केस बर्फात रुततात.

यात सगळ्यात जास्त हाल व्हायचे ते नवशिक्याचे. त्याला शिकायचं असायचं उतरताना वळायला आणि थांबायला, पण सराव मिळायचा मिनिटभर आणि त्याची किंमत म्हणून अर्धा तास चढण. दुपारपर्यंत पाय गळून जात, आणि दमलेल्या पायांनी उतरताना माणूस हमखास पडे.

आल्प्समध्ये काही ठिकाणी दातेरी रुळांच्या आगगाड्या होत्या, तारेने ओढले जाणारे डबे होते. त्यांचा खर्च मोठा आणि त्या मोठ्या डोंगरांसाठीच होत्या. गावामागच्या तीस-चाळीस मीटर उंचीच्या टेकडीसाठी तसलं काही कोणी उभारणार नव्हतं. तिथला प्रश्न सोडवला तो शेतकऱ्यांनी, खाणावळवाल्यांनी आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांनी. त्यांनी केलेलं यंत्र म्हणजे दोराची लिफ्ट. विहिरीवरच्या रहाटगाडग्यात गाडग्यांची माळ एका बाजूने भरून वर येते, रिकामी होऊन दुसऱ्या बाजूने खाली जाते, आणि माळेला सुरुवात-शेवट नसतो. इथेही तेच आहे. टेकडीच्या पायथ्याशी एक चाक, माथ्यावर एक चाक, आणि दोन्हींभोवती फिरणारा, टोकं एकमेकांत सांधलेला दोर. वर जाणारी बाजू धरायची, माथ्यावर सोडायची आणि घसरत खाली यायचं.

पाणचक्कीची ताकद

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात शोलाख नावाचं छोटं गाव आहे. तिथे रॉबर्ट विंटरहाल्डर हा शेतकरी स्वतःची खाणावळही चालवायचा. चांगल्या हवेसाठी येणाऱ्या पाहुण्यांना बर्फातली चढण झेपत नसे. विंटरहाल्डरकडे पाणचक्की होती, म्हणजे फिरती ताकद दाराशीच होती. तिच्यावर त्याने न संपणारी तार चढवली, ती लाकडी खांबांवरून टेकडीवर नेली, आणि तारेला धरून माणसं व घसरगाड्या वर ओढल्या जातील अशी सोय केली. 14 फेब्रुवारी 1908 रोजी ही लिफ्ट सुरू झाली. लांबी 280 मीटर, चढ 32 मीटरचा. म्हणजे सुमारे नऊ मीटर चाललं की एक मीटर उंची. ही जगातली पहिली स्की-लिफ्ट मानली जाते.

विंटरहाल्डरने आपल्या कल्पनेचं पेटंट घेतलं. 1910 मध्ये त्याने जवळच्या ट्रीबर्ग गावी आणखी एक लिफ्ट उभारली. पण व्यवसाय म्हणून तिने जोर धरला नाही. स्की करणारे अजून थोडे होते, आणि चार वर्षांत युरोपवर महायुद्ध येऊन कोसळलं. कल्पना मात्र पक्की होती: टेकडी छोटी असेल तर घरची चक्कीही माणसं ओढू शकते.

जॅकवर उचललेली मोटार

पुढचा टप्पा अटलांटिकपलीकडे घडला, आणि तो घडवला मोटारीने. कॅनडात माँट्रियलच्या उत्तरेला लॉरेन्शियन टेकड्या आहेत. शहरातले लोक आगगाडीने तिथे स्की करायला जात. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला शॉब्रिज गावच्या टेकडीवर अ‍ॅलेक्स फॉस्टर या स्कीपटूने एका जुन्या मोटारीचं मागचं चाक जमिनीपासून उचललं, टायर काढला आणि उघड्या रिमवरून दोर फिरवला.

ही बातमी सीमेपलीकडे व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक गावी पोचली. तिथे बॉब आणि बेटी रॉइस हे जोडपं 'व्हाइट कपबोर्ड इन' ही खाणावळ चालवत होतं. न्यूयॉर्कहून येणाऱ्या पाहुण्यांचं गाऱ्हाणं एकच असायचं: सुट्टीचा सगळा दिवस चढण्यात जातो. रॉइस दांपत्याने क्लिंटन गिल्बर्ट या शेतकऱ्याचं उताराचं कुरण भाड्याने घेतलं. हिवाळ्यात बर्फाखाली ते असंही पडूनच असायचं. डेव्हिड डॉड या गावातल्या कसबी माणसाने यंत्र जुळवलं. 1,800 फूट दोर, काही चाकं आणि फोर्ड मॉडेल टी मोटारीचं इंजिन. जानेवारी 1934 मध्ये दोर फिरू लागला. अमेरिकेतली ही पहिली दोर-लिफ्ट. पुढे ती वॉलेस 'बनी' बर्ट्रम याने चालवायला घेतली, आणि 1936 मध्ये त्याने जवळच्याच जास्त तीव्र उताराच्या टेकडीवर नवी लिफ्ट उभारली.

मॉडेल टी हीच मोटार का, याचं उत्तर त्या काळात आहे. 1908 ते 1927 या वर्षांत फोर्डने दीड कोटी मॉडेल टी बनवल्या. 1934 मध्ये त्या जुन्या झाल्या होत्या. मंदीचे दिवस होते, आणि गावोगावी अशा मोटारी कोठारामागे पडून होत्या. त्यांचे सुटे भाग मिळत, आणि त्या दुरुस्त करता येणारी माणसं तर गल्लोगल्ली होती. नवं इंजिन विकत घ्यावं लागलं असतं तर बहुतेक टेकड्यांवर दोर चढलाच नसता.

ओढायला ताकद किती लागते?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की माणसं डोंगरावर ओढायची तर इंजिन जबरदस्त हवं. गणित करून पाहू. उतार 60 मीटर लांब आणि 12 मीटर उंच धरू. कपडे आणि सामान धरून माणसाचं वजन 70 किलो. उतारामुळे त्यातलं पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे 14 किलो वजन त्याला मागे ओढतं. स्की आणि बर्फ यांच्या घर्षणाचे अजून तीन-साडेतीन किलो. दोराला एका माणसामागे साधारण साडेसतरा किलोची ओढ लावावी लागते. सेकंदाला 2 मीटर वेग ठेवला तर यासाठी अर्ध्या अश्वशक्तीहूनही थोडी कमी ताकद पुरते. चार माणसं एकदम धरली तरी दोन अश्वशक्तीच्या आत काम होतं. दोर बर्फावर घासण्यात, चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि गिअरमध्ये वाया जाणारी ताकद मिळवली तरी पाच अश्वशक्तीचं इंजिन अशी टेकडी सांभाळतं.

खरी अडचण वेगाची असते. लहान पेट्रोल इंजिन मिनिटाला 3,600 फेरे घेतं. दोर फिरवणाऱ्या चाकाचा व्यास 40 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला 2 मीटर वेगासाठी त्या चाकाला मिनिटाला 95 फेरेच हवेत. म्हणजे फेरे अडतीस पटींनी कमी करायचे. पट्टे, साखळ्या आणि लहान-मोठी चाकं वापरून हे जमतं, पण ते जमवताना कारागिराचा कस लागतो.

मोटारीत हे काम आधीच झालेलं असतं. गिअरबॉक्स फेरे कमी करतो, मागच्या आसातला डिफरन्शिअल आणखी कमी करतो. क्लच असतो म्हणून इंजिन चालू ठेवून दोर थांबवता येतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं यासाठी डिफरन्शिअल दोन्ही चाकांत फेऱ्यांची वाटणी करतो. एक चाक जमिनीवर अडकून राहिलं आणि दुसरं हवेत असलं, तर हवेतलं चाक दुप्पट वेगाने फिरतं. जॅकवर मोटार चढवून एकाच चाकावर दोर घेणाऱ्याने हे दुप्पट फेरे हिशेबात धरले नाहीत, तर दोर ठरवल्याच्या दुप्पट वेगाने धावणार.

चाकाची पकड

दोर चाकाला कुठेही बांधलेला नसतो. तो नुसता चाकाभोवती गेलेला असतो, आणि चाक त्याला ओढतं ते केवळ घर्षणाच्या जोरावर. या घर्षणाचा नियम मोठा विलक्षण आहे. दोराचा चाकाला होणारा वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. अर्धा वेढा असेल तर, दोर आणि चाक यांच्यातलं घर्षण मध्यम प्रतीचं धरल्यास, ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पट होईपर्यंत दोर घसरत नाही. दीड वेढा दिला की हेच प्रमाण जवळजवळ सतरा पट होतं. बंदरात जहाजाचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एकटा खलाशी रोखून धरतो, तो याच नियमाच्या बळावर.

मात्र एकाच चाकावर जास्त वेढे दिले की ते सरकत सरकत एकमेकांवर चढतात. म्हणून शेजारी दुसरं मोकळं चाक बसवून दोर दोन्हींवरून खेळवतात, किंवा चाकाची खाच निमुळती ठेवतात, म्हणजे ताण वाढेल तसा दोर खाचेत घट्ट बसतो. काही जण रिमला जुन्या टायरचं रबर लावतात. चाक फिरतंय आणि दोर जागच्या जागी घसरतोय असं झालं, तर उष्णतेने दोराची बाहेरची बाजू काही मिनिटांत करपू शकते.

इंजिन माथ्यावर ठेवावं की पायथ्याशी, हाही महत्त्वाचा निर्णय. माथ्यावर ठेवलं तर भार असलेली बाजू सरळ चाकाकडे ओढली जाते आणि परतीची बाजू सैल राहते. पायथ्याशी ठेवलं तर सगळी ओढ परतीच्या दोरातून, माथ्यावरच्या चाकाला वळसा घालून यावी लागते. त्या चाकाच्या खुंटावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. तरीही अनेकांनी पायथाच निवडला, कारण रस्ता तिथे, पेट्रोल तिथे, आणि इंजिनावर लक्ष ठेवणारा माणूसही तिथेच उभा राहू शकतो. अशा वेळी माथ्यावरचं चाक जाड झाडाला किंवा जमिनीत खोल गाडलेल्या ओंडक्याला बांधतात.

दोर आणि त्याचा सांधा

जुन्या लिफ्टवर मनिला दोर असायचा, अबाका या केळीच्या जातीतल्या झाडाच्या तंतूंचा. एक इंच जाडीचा असा दोर शंभर मीटरला सुमारे 40 किलो भरतो, आणि तोही कोरडा. भिजला की त्याचं वजन वाढतं, गोठला की तो काठीसारखा ताठ होतो. ओला झाला की आखडतो, वाळला की सैलावतो. सकाळी तंग असलेला दोर दुपारी लोंबू लागायचा. म्हणून परतीचं चाक एका जागी खिळवून न ठेवता सरकतं ठेवतात आणि त्याला दगडांनी भरलेलं पिंप टांगतात. दोर आखडला की पिंप वर उचललं जातं, सैलावला की खाली येतं, आणि ताण दिवसभर सारखा राहतो.

आता पॉलिप्रॉपिलीनचे दोर मिळतात. ते पाणी शोषत नाहीत, आणि 12 मिलिमीटर जाडीचा शंभर मीटर दोर साडेसहा किलोच्या आसपास भरतो. त्यांचे शत्रू दोन: ऊन आणि घर्षणाची उष्णता. नायलॉनचा दोर जास्त मजबूत, पण तो ताणला जातो आणि हिसका देतो.

दोराची दोन टोकं जोडायची कशी? गाठ मारली तर ती चाकावर अडकेल आणि धरणाऱ्याच्या हातालाही लागेल. त्यासाठी दोन्ही टोकांचे पदर बऱ्याच लांबीपर्यंत उलगडतात. एका टोकाचा पदर काढून त्याच्या मोकळ्या झालेल्या पन्हळीत दुसऱ्या टोकाचा पदर बसवतात, आणि शेवटी उरलेली टोकं आत गुंफून टाकतात. नीट केलेला सांधा मूळ दोराइतकाच जाड असतो आणि हात फिरवल्याशिवाय सापडत नाही. हे कसब खलाशांचं आणि कोळ्यांचं. पहाडातल्या शेतकऱ्यांना ते नव्याने शिकावं लागलं, आणि हंगामात दोर तुटला की तो त्याच रात्री सांधून ठेवावा लागे.

दोर धरण्याची रीत

दोर सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने जात असतो आणि माणूस उभा असतो. त्याने एकदम मूठ आवळली तर खांद्याला हिसका बसून तो तोंडावर पडतो. म्हणून स्की चढणीच्या दिशेने सरळ ठेवायच्या, दोर मुठीत हलकेच घ्यायचा आणि तो तसाच सरकू द्यायचा. मग मूठ हळूहळू आवळायची. दोर सरकण्याचा आवाज कमी होत जातो आणि त्याबरोबर माणूस चालू लागतो. दुसरा हात पाठीमागून दोराला लावला की भार दोन्ही हातांत वाटला जातो. चामड्याचे हातमोजे लागतात, लोकरीचे तासाभरात फाटतात.

भार फक्त स्वतःच्या वजनाचा नसतो. उचललेल्या दोराचं वजनही हातावरच येतं. बरीच माणसं एका वेळी दोर धरून असली की ते सगळ्यांत वाटलं जातं. माणूस एकटाच असेल तर माथा जवळ येईतो खालच्या दोराचं ओझं त्याच्या बोटांवर वाढत जातं. लहान मुलांना ते पेलत नाही. म्हणून दोर उचलून धरायला मध्ये मध्ये खांबांवर कप्प्या बसवल्या जातात. पण हाताने दोर धरलेला माणूस कप्पीपाशी आला की बोटं चिरडण्याचा धोका. न्यूझीलंडमधल्या क्लबांच्या डोंगरांवर यावर तोड निघाली. कमरेला पट्टा, त्याला अडकित्त्याच्या आकाराचं लोखंडी हत्यार. ते दोरावर टाकून मिटलं की दोर पकडला जातो, हत्यार कप्पीवरून खडखडत पुढे जातं आणि ओढ कमरेवर येते. कँटरबरी भागात आजही हीच पद्धत चालू आहे. त्या देशात कोरोनेट पीकवर 1947 मध्ये दोर-लिफ्ट बसवली ती बिल हॅमिल्टनने, ज्याने पुढे उथळ नद्यांतून धावणारी जेट-बोट बनवली.

थांबवणारा तो मुख्य कारागीर

इथपर्यंतची सगळी अक्कल ओढण्याची आहे. घरगुती लिफ्ट चांगली की वाईट हे ठरतं ती थांबते कशी यावर. पिळाचा दोर ताणाखाली स्वतःभोवती फिरतो. त्याच्या जवळ लोंबणारा मफलर, मोकळे केस, सैल बाही किंवा पिशवीचा बंद आला तर दोर तो गुंडाळून घेतो. मग माणसाने हात सोडला तरी तो सुटत नाही आणि वरच्या चाकाकडे ओढला जातो. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. दोर-लिफ्टविषयीच्या कोणत्याही चर्चेत हे सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे.

यावरचा उपाय साधा असतो, पण त्यात तडजोड चालत नाही. उतरण्याच्या जागेनंतर आणि चाकाच्या बऱ्याच आधी वाटेवर आडवी तार किंवा हलकं फाटक असतं. कोणी तिथवर ओढला गेला की त्याच्या अंगाच्या धक्क्याने तार सुटते आणि इंजिनाची वीज तुटते. तार आणि चाक यांच्यातलं अंतर गणिताने ठरवायचं असतं, कारण वीज तुटल्यावरही दोर काही मीटर पुढे जातो. भरलेला दोर ओढ थांबल्यावर उलटा फिरू नये म्हणून अटकावही लागतो. चाकं झाकलेली हवीत. रोज पहिला माणूस वर जाण्याआधी ते फाटक हाताने पाडून पाहायचं, आणि इंजिन बंद झालं नाही तर त्या दिवशी लिफ्ट चालू करायची नाही. शिवाय दोर फिरतो तोवर एक माणूस बटणापाशी उभा हवा, ज्याचं दुसरं काही काम नाही. हे न करता घरामागच्या उतारावर इंजिन आणि दोर जोडणं म्हणजे मुलांच्या हातात उघडं यंत्र देणं आहे.

दोरानंतर

24 डिसेंबर 1934 रोजी स्वित्झर्लंडमध्ये डावोसच्या बोल्गेन उतारावर एर्न्स्ट कॉन्स्टाम या इंजिनिअरची लिफ्ट सुरू झाली. तिची तार उंचावरून जात होती, आणि तिला टांगलेला दांडा माणसाला मागून ढकलत नेत होता. हातांना विश्रांती मिळाली. 1936 मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅली इथे खुर्च्यांची लिफ्ट आली. जेम्स करन या रेल्वे इंजिनिअरने जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या आकड्यांच्या यंत्रावरून ती बेतली होती. आपल्याकडे गुलमर्ग किंवा औलीला गेलेल्यांनी पाहिलेल्या लिफ्ट याच घराण्यातल्या.

तरी पुढची काही दशकं ईशान्य अमेरिकेत शेकडो टेकड्यांवर दोर फिरत राहिले. मग विम्याचे हप्ते वाढले, हमरस्ते मोठ्या डोंगरांपर्यंत गेले, बर्फाचा भरवसा कमी झाला, आणि बहुतेक दोर उतरवले गेले. व्हरमाँटमध्ये ईस्ट कॉरिंथ गावची टेकडी मात्र 1936 पासून दोरावर चालते, आणि ती चालवणारे गावातले स्वयंसेवक आहेत.

अशा टेकड्या टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. मोठ्या डोंगरावरचं तिकीट सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेलं आहे, आणि तिथलं यंत्र बिघडलं की ते उघडायला कंपनीचा माणूस यावा लागतो. दोराच्या लिफ्टचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. दोर सांधणारा, बेअरिंगला ग्रीस लावणारा आणि बटणापाशी उभा राहणारा माणूस त्याच गावचा असतो, आणि वर जाणारी मुलं त्याच्या ओळखीची असतात. आपण केलेल्या यंत्राची जबाबदारी आपल्यावर आहे हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. ती जबाबदारी घ्यायला माणूस मिळतो तोवर छोट्या टेकडीला दोर पुरेसा आहे.